जन्माआधीचा अनुभव कुठून आणायचा?

प्रश्न : माझी मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअर झाली आहे आणि सध्या नोकरी शोधते आहे. जाहिराती ती मला वाचून दाखवते. एका जाहिरातीत वर ‘फ्रेशर्सनी अर्ज करावेत’ आणि खाली ‘किमान दोन वर्षांचा अनुभव आवश्यक’ असं लिहिलं होतं. दुसऱ्या एका जाहिरातीत कुठल्याशा तंत्राचा दहा वर्षांचा अनुभव मागितला होता. मुलगी म्हणाली, “बाबा, ते निघूनच अजून दहा वर्षं झालेली नाहीत.” मी धरणावरच्या नोकरीतून निवृत्त झालो. आमच्या वेळी जाहिरातीतली अट म्हणजे अट, तिच्यात इकडचं तिकडे होत नसे. मग अशा अटी लिहितं कोण? त्या वाचून मुलीने अर्ज करावा की सोडून द्यावा? पुण्यातला एकजण पैसे घेऊन अनुभवाचं पत्र मिळवून देतो म्हणतो. ते घेणं कितपत बरोबर?
— एक वाचक, भाटघर (ता. भोर, जि. पुणे)

उत्तर : तुमच्या मुलीने जे पाहिलं ते खरं आहे, आणि असं पाहणारी ती एकटी नाही. आधी दोन गाजलेली उदाहरणं सांगतो.

कुबरनेटिस नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. मोठ्या वेबसाइट एकाच वेळी शेकडो सर्व्हरवर चालतात. त्यांचा पसारा सांभाळायचं काम ते करतं. गूगलने ते जून २०१४ मध्ये जगासमोर आणलं. जुलै २०२० मध्ये आयबीएमच्या एका जाहिरातीत याच कुबरनेटिसचा किमान १२ वर्षांचा अनुभव मागितला होता. तेव्हा ते जेमतेम सहा वर्षांचं होतं. ही अट त्याचे निर्मातेसुद्धा पूर्ण करू शकले नसते.

त्याच महिन्यात तर एका निर्मात्यावरच ही वेळ आली. सेबास्टियन रामिरेझ या कोलंबियन प्रोग्रामरने फास्टएपीआय हे साधन तयार केलं. पायथॉन भाषेत वेबसाइटची मागची बाजू बांधायला ते वापरतात. एका जाहिरातीत त्याला फास्टएपीआयचा चार वर्षांहून अधिक अनुभव हवा असल्याचं दिसलं. त्याने जाहीरपणे लिहिलं की मला अर्ज करता येणार नाही, कारण हे मी बनवूनच दीड वर्ष झालं आहे. अनुभवाची वर्षं म्हणजेच कौशल्य हे समीकरण पुन्हा तपासायची वेळ आली आहे, असंही त्याने सुचवलं. मला त्याचं म्हणणं पूर्ण पटतं.

आता तुमचा पहिला प्रश्न : लिहितं कोण? ज्याला त्या माणसाकडून काम करून घ्यायचं असतं, तो सहसा जाहिरात लिहीत नाही. जाहिरात दोन-तीन हातांतून जाते आणि प्रत्येक हातात थोडी बदलते.

हे कसं घडतं ते बघा. टीमचा प्रमुख मेल लिहितो, ‘सीनिअर माणूस हवा. सर्व्हर, नेटवर्क, क्लाउड यांत मुरलेला. कुबरनेटिस यायला हवं.’ मेल एचआरकडे जातो. त्यांच्याकडे ठरलेला फॉर्म असतो. कंपनीच्या नियमात ‘सीनिअर’ पदाला एकूण अनुभव १२ वर्षं असेल, तर ‘किमान अनुभव’ या चौकटीत १२ हा आकडा पडतो. ‘कौशल्य’ या चौकटीत कुबरनेटिस येतं. इथवर चूक काहीच नाही. मग फॉर्म जाहिरात टाकणाऱ्याकडे किंवा बाहेरच्या कन्सल्टन्सीकडे जातो. तिथे दोन्ही चौकटी जोडून एक वाक्य होतं : ‘कुबरनेटिसचा किमान १२ वर्षांचा अनुभव.’ वाक्य जोडणाऱ्याला ते सॉफ्टवेअर कधी निघालं हे माहीत नसतं, आणि ज्याला माहीत असतं तो छापलेली जाहिरात पुन्हा वाचत नाही. अशक्य अटींपैकी बऱ्याच अशाच जन्माला येतात. त्यामागे कपट नसतं, बेपर्वाई असते. पण तिची किंमत बेपर्वाई करणारा मोजत नाही, घरी बसून जाहिरात वाचणारी मुलगी मोजते.

दुसरं कारण पैशाचं आहे. पुण्या-मुंबईतल्या, बंगळूरच्या बऱ्याच कंपन्या परदेशी ग्राहकासाठी काम करतात आणि माणसामागे, तासामागे दर लावतात. तो दर अनुभवाच्या वर्षांवर ठरलेला असतो : दोन वर्षांपर्यंत एक, पाच वर्षांपर्यंत दुसरा, आठच्या पुढे तिसरा. ग्राहकाशी केलेल्या करारात ‘पाच वर्षांचा माणूस’ लिहिला असेल, तर कंपनीला कागदावर पाच वर्षं दाखवावीच लागतात. तीन वर्षांत उत्तम तयार झालेला मुलगा तिथे बसत नाही. या ठिकाणी वर्षं हे कौशल्याचं माप राहत नाही, ती दराची पट्टी होते.

तिसरं कारण गर्दीचं. नोकरीच्या पोर्टलवर एका जागेला अर्जांचा ढीग येतो. सगळे वाचायला कोणाला वेळ नसतो. वर्षांचा आकडा घातला की यंत्र निम्मे अर्ज आपोआप बाजूला काढतं. म्हणून आकडा घातला जातो, आणि गर्दी जितकी मोठी तितका तो वर सरकतो.

चौथं कारण म्हणजे सोडून गेलेल्या माणसाचा साचा. कंपनीतला जुना माणूस जातो. आठ वर्षांत तो जावा शिकला, डेटाबेस शिकला, क्लाउड शिकला, ग्राहकाशी बोलायला शिकला. त्याच्या जागेची जाहिरात काढताना त्याला येत होतं ते सगळं यादीत उतरतं. तो स्वतः त्या खुर्चीत पहिल्या दिवशी बसला तेव्हा त्याला यातलं फार थोडं येत होतं, हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

‘फ्रेशर’ आणि ‘दोन वर्षं’ एकाच जाहिरातीत येतात ते मात्र बहुतेक वेळा चुकून नसतं. शिकवून तयार करण्याचा खर्च करायचा नाही, पण पगार नवख्याचा द्यायचा, असा तो हिशेब असतो. मोठ्या कंपन्यांनी एकेकाळी नवख्यांना महिनोन् महिने शिकवलं. इन्फोसिसचं म्हैसूरचं प्रशिक्षण केंद्र त्यासाठीच उभं राहिलं. आजही अशी भरती होते, पण ती मुख्यतः कॅम्पसवर. ज्या कॉलेजात कंपन्या येतात तिथल्या मुलांना अनुभव विचारला जात नाही. तालुक्याच्या ठिकाणी शिकलेल्या मुलांच्या वाट्याला उरतात त्या उघड्या जाहिराती, आणि अनुभवाची अट नेमकी तिथेच असते. भोर-वेल्ह्याच्या मुलांवर हा दुहेरी अन्याय आहे असं मी स्पष्ट म्हणेन.

कधी कधी जाहिरात कोणाला घेण्यासाठी नसतेच. अमेरिकेत नातेवाईक असलेल्यांना हा प्रकार ठाऊक असेल. परदेशी कर्मचाऱ्याला ग्रीन कार्ड मिळवून द्यायचं, तर त्या जागेसाठी स्थानिक माणूस शोधून पाहिला हे कंपनीला दाखवावं लागतं. अशा जागांच्या जाहिराती नेहमीच्या ठिकाणी न देता, अर्ज टपालानेच पाठवायला लावून, त्या लोकांच्या नजरेत येणार नाहीत अशी व्यवस्था केल्याचा ठपका अमेरिकेच्या न्याय खात्याने ठेवला होता. फेसबुकने ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि अ‍ॅपलने नोव्हेंबर २०२३ मध्ये कोट्यवधी डॉलर देऊन ती प्रकरणं मिटवली. आपल्याकडेही माणूस आधीच ठरलेला असतो आणि जाहिरात केवळ रीत म्हणून निघते, हे नोकरदार वर्गाला सांगायला नको.

पण अनुभवाला काहीच किंमत नाही का? आहे, आणि मोठी आहे. प्रश्न एवढाच की अनुभव कशाचा मोजायचा. तुम्ही धरणावर नोकरी केलीत, तेव्हा तुमच्याच क्षेत्रातलं उदाहरण देतो. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत शिकले आणि १८८४ साली मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की माणसाचा हात न लागता उघडणारे दरवाजे त्यांनी स्वतः रचले आणि १९०३ साली खडकवासल्याला बसवले. त्या रचनेचा अनुभव असलेला माणूस तेव्हा जगात कुठेच नव्हता, खुद्द विश्वेश्वरय्यांनाही नव्हता. दरवाजाचा अनुभव शून्य होता, पाण्याचा एकोणीस वर्षांचा होता. कालवे, पूर, गळती, दगड आणि चुना हे सगळं त्यांच्या हाताखालून गेलं होतं. म्हणून नवा दरवाजा चालला.

संगणकात दरवाजे भराभर बदलतात. पायथॉन १९९१ ची, जावा १९९५ ची. रिअ‍ॅक्ट २०१३ साली सर्वांसाठी खुलं झालं, आयफोनची स्विफ्ट २०१४ साली जाहीर झाली, कोटलिनची पहिली पक्की आवृत्ती २०१६ ची, फ्लटरची डिसेंबर २०१८ ची. चॅटजीपीटी लोकांच्या हातात आलं ते ३० नोव्हेंबर २०२२ ला. पाणी मात्र तेच राहतं : माहिती कशी साठवायची, ती पटकन कशी शोधायची, दोन यंत्रं एकमेकांशी कशी बोलतात, दुसऱ्याने लिहिलेला कोड कसा वाचायचा, चालता प्रोग्राम मध्येच थांबला तर बिघाड नेमका कुठे आहे हे कसं हुडकायचं. ज्याला हे येतं तो नवं साधन काही आठवड्यांत उचलतो. ज्याला हे येत नाही त्याने एकच साधन दहा वर्षं वापरलं तरी ते बदललं की तो अडतो. म्हणून साधनाची वर्षं मोजणं ही चुकीची मोजणी आहे.

पुण्यातच याचा मोठा पुरावा आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, कारण अमेरिका आपल्याला हवा तो महासंगणक द्यायला तयार नव्हती. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर तिचे संचालक झाले. ‘महासंगणक बांधण्याचा दहा वर्षांचा अनुभव’ अशी अट त्या वेळी घातली असती, तर देशात एकही माणूस पात्र ठरला नसता. ती घातली नाही. ज्यांना इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रोग्रामिंग पक्कं येत होतं अशांना घेतलं, काम दिलं आणि १९९१ साली परम ८००० उभा राहिला.

आता मुख्य प्रश्न : मुलीने अर्ज करावा का? इथे सरकारी आणि खासगी असा भेद करा. सरकारी जाहिरातीत तुमच्या वेळचाच नियम आहे. लोकसेवा आयोगासारख्या संस्थेने अनुभव मागितला असेल, तर तो कोणत्या पात्रतेनंतरचा, कोणत्या तारखेपर्यंतचा हे जाहिरातीत लिहिलेलं असतं आणि कागदपत्रांच्या तपासणीत ते काटेकोर पाहतात. तिथे अट पूर्ण होत नसेल तर अर्जाचे पैसे वाया घालवू नयेत. खासगी जाहिरात मात्र कंपनीच्या इच्छांची यादी असते. तिच्यातलं सगळं येणारा माणूस कंपनीलाही सहसा मिळत नाही. यादीतल्या पहिल्या तीन-चार गोष्टी बहुधा खऱ्या गरजेच्या असतात, ‘असल्यास प्राधान्य’ या शब्दांखालच्या सोडून द्यायच्या. पहिल्या तीन-चारपैकी बहुतेक येत असतील आणि अनुभव एक-दोन वर्षांनी कमी पडत असेल, तर तिने बेधडक अर्ज करावा. आठ-दहा वर्षांची खरीखुरी वरिष्ठ जागा असेल तर वेळ दवडू नये. आणि तंत्राच्या वयापेक्षा जास्त वर्षं मागितली असतील, तर ती अट कोणीच पूर्ण करू शकत नाही हे ओळखून बाकीची जाहिरात वाचावी.

शहरातल्या, घरात आधीच कोणी आयटीत असलेल्या मुलांना हे कोणीतरी कानात सांगतं, ‘अगं, कर अर्ज, ते असंच लिहितात.’ घरातली पहिली इंजिनिअर असलेली मुलगी छापलेला शब्द प्रमाण मानते आणि प्रामाणिकपणे मागे सरते. तिचा प्रामाणिकपणा दोष नाही. तिला हे सांगणारं कोणी नव्हतं, ही उणीव आहे. म्हणून तुम्ही हा प्रश्न विचारलात याचा मला आनंद आहे.

अनुभवाच्या पत्राबद्दल मात्र माझं उत्तर ठाम नकाराचं आहे. पैसे देऊन मिळणारं पत्र खोटं असतं, आणि ते उघडं पडण्याच्या वाटा आज पुष्कळ आहेत. खऱ्या नोकरीत भविष्य निर्वाह निधी कापला जातो आणि त्या निधीच्या यूएएन क्रमांकावर कोणत्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत काम केलं याची नोंद राहते. पगाराचा प्राप्तिकर खात्याकडे मागमूस असतो. कंपन्या पार्श्वभूमी तपासणाऱ्या संस्थांना पैसे देऊन प्रत्येक पत्राची शहानिशा करून घेतात. अस्तित्वातच नसलेल्या कंपन्यांची कागदपत्रं आणि अनुभवपत्रं दाखवून लागलेल्या कर्मचाऱ्यांना काढल्याचं अ‍ॅक्सेंचरने नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतात जाहीर केलं होतं. ती मुलं रुजू होऊन काम करत होती, तरीही गेली. पत्र विकणारा त्या दिवशी कुठेच नसतो. मुलीच्या नावावर असा डाग पडू देऊ नका, आणि त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका.

त्याच पैशात आणि वेळात खरा अनुभव मिळवण्याचे मार्ग आहेत.

पहिला मार्ग घरबसल्याचा. तिने एक लहान, पण खरोखर वापरात येईल असं काम पूर्ण करावं. धरणातल्या पाणीसाठ्याचे आकडे पाटबंधारे खातं पावसाळ्यात रोज देतं. ते आकडे साठवून भाटघर, वीर, नीरा-देवघर आणि गुंजवणी या धरणांची स्थिती मराठीत, मोबाइलवर सहज दिसेल असं पान तिने बनवावं. खालच्या अंगाच्या शेतकऱ्याला ते उपयोगी पडेल. ते करताना तिला डेटाबेस लागेल, सर्व्हर लागेल, आकडा चुकीचा आला तर काय करायचं याचा विचार करावा लागेल. सगळा कोड गिटहबवर, म्हणजे तो इतरांना पाहता येईल अशा संकेतस्थळावर, ठेवावा आणि अर्जात पहिल्याच ओळीत त्याचा पत्ता द्यावा. कुठे अडलं आणि कसं सोडवलं हे तिने चार वाक्यांत लिहून ठेवावं, कारण मुलाखतीत नेमकं हेच विचारतात. आकड्यांच्या चाळणीतून अर्ज सुटला नाही, तरी असा अर्ज थेट टीमच्या प्रमुखाला पाठवता येतो आणि तो वाचला जाण्याची शक्यता बरीच वाढते.

दुसरा मार्ग मुक्त सॉफ्टवेअरचा. फास्टएपीआय, कुबरनेटिस ही साधनं जगभरातले लोक मिळून सुधारतात. लहानशी चूक दुरुस्त करून पाठवली आणि ती स्वीकारली गेली, तर तिच्या नावाची नोंद कायम राहते. ही नोंद कोणाच्या पत्रावर अवलंबून नसते. गूगलचा ‘समर ऑफ कोड’ हा उपक्रम २००५ पासून चालतो. त्यात मानधन मिळतं, आणि २०२२ पासून तो कॉलेज संपलेल्या नवख्यांनाही खुला आहे.

तिसरा मार्ग शिकाऊ उमेदवारीचा. पदवीधर आणि पदविकाधारकांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना आहे. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे, म्हणजे व्यवस्था जुनी आणि पक्की आहे. विद्यावेतन मिळतं आणि शेवटी सरकारी प्रमाणपत्र मिळतं. इंजिनिअरना सी-डॅकचा प्रगत संगणनाचा सुमारे सहा महिन्यांचा पदविका अभ्यासक्रमही आहे. त्याला प्रवेश परीक्षा असते आणि शेवटी कंपन्या भरतीसाठी येतात. तालुक्याच्या कॉलेजातून हुकलेलं कॅम्पस तिथे मिळू शकतं. फी मात्र बरीच आहे, तेव्हा शैक्षणिक कर्जाची चौकशी आधीच करा.

शेवटचा शब्द माझ्या त्या वाचकांना, जे पुण्यात, हिंजवडीत, खराडीत अशा जाहिराती लिहितात किंवा त्यांवर सही करतात. साधनाच्या नावापुढे वर्षांचा आकडा घालण्याआधी ते कधी निघालं हे एकदा पाहा, दोन मिनिटांचं काम आहे. छापण्याआधी जाहिरात टीमच्या प्रमुखाला वाचायला द्या. ‘पाच वर्षांचा अनुभव’ याऐवजी माणसाने काय करून दाखवलेलं हवं ते लिहा. नवखा चालणार असेल तर सरळ ‘नवखा चालेल’ म्हणा आणि त्याला शिकवायची तयारी ठेवा. तुमच्यापैकी प्रत्येकाला कोणीतरी अनुभव नसताना घेतलं होतं. आणि भाटघरचे वाचकहो, तुमच्या मुलीला माझा एवढा निरोप द्या : अट वाचून मागे सरू नकोस, येत असलेलं प्रामाणिकपणे लिही आणि आजच अर्ज पाठव.